वेताळ गेला, दात आले

माझ्या लहानपणी वाचनाची वाटणी अगदी सरळ होती. अचाट माणसं चित्रांच्या पुस्तकात राहायची आणि तुमच्याआमच्यासारखी अक्षरांच्या. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ डेंकालीच्या जंगलात, खोपडीच्या गुहेत बसून सगळ्या जगाचा न्यायनिवाडा करायचा. असले अंगाला घट्ट चिकटलेले कपडे घालून हा माणूस जंगलात मे महिना कसा काढतो, असं कुणी विचारायचं नाही. मांड्रेक नुसता हात हलवून समोरच्याला भलभलतं दाखवायचा. इकडे अक्षरांत ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. आता फास्टर फेणे गुन्हेगार पकडायचा हे खरं, पण सायकलवरून. अचाटपणाला तेवढीच मुभा होती.

इंद्रजाल 1964 साली सुरू झालं आणि 1990 साली बंद पडलं. नंतर मी नोकरी, संसार वगैरे किरकोळ गोष्टींत अडकले. अलीकडे अकरावीतल्या भाचीच्या कृपेने परत वळून बघते, तर दोन्ही बिऱ्हाडांनी जागा बदललेल्या! ड्रॅगन, राजवाडे, शाप, तलवारी हे सगळं सामान आता अक्षरांच्या पुस्तकात जाऊन पडलंय. आणि चित्रांच्या पुस्तकात काय आहे? दात.

दात म्हणजे खरोखरचे दात. रेना टेल्गेमायर या अमेरिकन बाईंचं 'स्माइल' (2010) हे त्यांच्या स्वतःच्या दातांचं आत्मचरित्र आहे. सहावीतली मुलगी पळताना तोंडावर आपटते. पुढचा एक दात पडतो, दुसरा वर हिरडीत घुसतो, आणि मग दोनशेवर पानं डॉक्टर, तारा, साचे, खोटे दात, परत तारा. ती राहते सॅन फ्रान्सिस्कोत, त्यामुळे 1989 चा भूकंपही पुस्तकात येतो. पण दातांच्या डॉक्टरच्या पुढच्या तारखेसमोर तो भूकंप अगदी बिचारा वाटतो. मी हे पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि वाचताना पूर्ण वेळ स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवत होते. वेताळाने माझ्यावर एवढा परिणाम कधीच केला नव्हता.

याच बाईंचं 'गट्स' (2019) पोटदुखीवर आहे. मुलीचं पोट दुखतं, मळमळतं, शाळेत जाववत नाही, तपासणीत काही सापडत नाही. पोटात भीती बसलेली असते. मळमळ सुरू झाली की पानाचा रंगसुद्धा हिरवट होत जातो. शब्दांत हे लिहायला बसलं तर कितीही लिहा, एवढं मळमळणार नाही. आपल्याकडे या दुखण्याचं निदान फार पूर्वीच झालेलं आहे: 'सोंगं करतेय.' उपाय, ओव्याचा अर्क आणि शाळा. हे पुस्तक मी मुद्दाम माझ्या आईला वाचायला दिलं. तिने सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी त्यांनी डॉक्टर केला?"

मग जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड' (2019). न्यूबेरी पदक हा अमेरिकेतल्या बालवाङ्मयाचा मोठा मान, 1922 पासून दिला जाणारा. चित्रांच्या कादंबरीला तो पहिल्यांदा 2020 साली मिळाला, तो या पुस्तकाला. गोष्ट काय? जॉर्डन नावाच्या मुलाला चित्रकलेच्या शाळेत जायचंय आणि आई त्याला श्रीमंतांच्या खासगी शाळेत घालते. बास. कुणी कुणाला मारत नाही, कुठलं राज्य बुडत नाही. फक्त वर्गातल्या ड्रू नावाच्या काळ्या मुलाला बाई वर्षभर 'डिआंड्रे' अशी हाक मारत राहतात. डिआंड्रे म्हणजे त्यांचाच कुणी जुना विद्यार्थी. ड्रू दरवेळी दुरुस्त करतो, बाई दरवेळी हसून तेच म्हणतात. मला ही पानं खलनायकांच्या पानांपेक्षा जास्त झोंबली. आई-वडिलांचं भांडणही खरं आहे. त्यात दोघांचं बरोबर असतं, आणि फी भरायची असते.

'हार्टस्टॉपर'बद्दल मात्र माझं आणि भाचीचं एकमत नाही. अ‍ॅलिस ओसमन या इंग्रज लेखिकेने 2016 पासून इंटरनेटवर काढलेली ही चार्ली आणि निक या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची गोष्ट. निम्मं पुस्तक दोघं एकमेकांना 'हाय' म्हणण्यात जातं. उरलेल्या निम्म्यात छोटी छोटी पानं हवेत उडत असतात. मी भराभर पुढे जात होते, तर भाचीने माझा हात धरला. "मावशी, इथे थांबायचं असतं." पानावर एक अक्षर नव्हतं. दोन हात होते आणि त्यांच्यामध्ये बोटभर अंतर. थांबले. ते बोटभर अंतर फार छान काढलंय, हे मी तिच्यासमोर कबूल केलं नाही, इथे करते. माझी तक्रार पुढच्या भागांबद्दल आहे. त्यांत सगळे जण इतके समजूतदार होत जातात की एखाद्या तिरसट काकांची फार गरज भासते. ते काका मी पुरवायला तयार आहे. आमच्याकडे तीन आहेत.

आता मांगावाले, म्हणजे जपानी चित्रकथांचे भक्त, म्हणतील, आमच्याकडे आहेत की राक्षस! आहेत, पण त्यांचं करतात काय ते बघा. र्‍योको कुई यांच्या 'डिलिशस इन डंजन'मध्ये नायकाच्या बहिणीला ड्रॅगन गिळतो. ती पचायच्या आत तिला सोडवायला तळघरात उतरायचंय आणि शिध्याला पैसे नाहीत. म्हणून ही मंडळी वाटेत भेटेल तो राक्षस मारतात, साफ करतात आणि रांधतात. पहिल्याच प्रकरणात विंचू आणि चालतं अळंबं यांचा रस्सा आहे, कृतीसकट. पुढे प्रत्येक प्राण्याचा कुठला भाग घ्यायचा, कुठला टाकायचा, किती शिजवायचं. शौर्य वगैरे दुय्यम, मीठ बरोबर पडलं का हे महत्त्वाचं. असलं व्यवहारी साहस मी पहिल्यांदाच वाचलं. तात्सुया एंदो यांच्या 'स्पाय एक्स फॅमिली'त बाप हेर, आई मारेकरी, मुलगी मनातलं ओळखणारी, आणि तिघांनाही आपापलं गुपित एकमेकांपासून लपवायचंय. पण या सगळ्यांचा घाम निघतो कुठे, तर शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत! तिथे हेरगिरीही कामाला येत नाही. ज्या पालकांनी मुलांना बालवाडीत घातलंय त्यांनी ही मुलाखत चुकवू नये.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं असल्यामुळे पुस्तक मागून उघडावं लागतं. यावर आमच्या पिढीतले लोक फार कुरकुरतात. मला नवल वाटतं. दिवाळी अंक मागून उघडून आधी वार्षिक राशिभविष्य बघणाऱ्या माणसांनी हे बोलू नये. 'वन पीस'च्या वाटेला मात्र मी गेले नाही. 1997 पासून चालू आहे, 2021 मध्येच शंभरावा खंड येऊन गेला आणि गोष्टीतला खजिना अजून सापडायचाय. माझ्या वयाच्या माणसाने अशी पुस्तकं विचार करून सुरू करावीत.

बॅटमॅनसुद्धा सुधारला आहे. 2024 पासून स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा हे 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' काढतात. त्यात ब्रूस वेन गर्भश्रीमंत नाही. वडील शिक्षक होते, ते मारले गेले, पण आई जिवंत आहे. हा गडी स्वतः इंजिनीअर, कामाला जाणारा. वाडा नाही, खानसामा नाही. छातीवरचं वटवाघूळ मात्र उपटून कुऱ्हाड म्हणून वापरता येतं, म्हणजे एका वस्तूची दोन कामं. मध्यमवर्गीय माणूस असाच विचार करतो.

बॅटमॅनला आई परत मिळाली हे चांगलंच झालं, कारण अक्षरांच्या पुस्तकात सध्या एकाही मुलाला आई राहिलेली नाही. भाचीच्या कपाटातल्या 'यंग अ‍ॅडल्ट' कादंबऱ्यांत वय वर्षं सोळा-सतराची पोर, वडील वारलेले, आई वारलेली किंवा भिंतीकडे बघत बसलेली, आणि राज्य उलथायची जबाबदारी हिच्यावर. कारण उघड आहे. आई शुद्धीवर असती तर क्रांती पहिल्या प्रकरणातच थांबली असती. नावं जोडीने यायची पद्धत आहे: रक्त आणि हाडं, काटे आणि गुलाब, गाणारे पक्षी आणि साप, सावली आणि परत एकदा हाडं. आतला मजकूर थोडाफार अदलाबदल झाला तरी माझ्या लक्षात येणार नाही. मुखपृष्ठावर एक खंजीर आणि भोवती वेल. नायिकेला दोन मुलगे आवडतात, एक लहानपणापासून ओळखीचा आणि एक काळे कपडे घालणारा. कुठला जिंकतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

यातून सुझान कॉलिन्स यांना मी वगळते. 'द हंगर गेम्स' (2008) मी आडवं पडून वाचायला घेतलं आणि उठून बसून संपवलं. राजधानीच्या करमणुकीसाठी बारा जिल्ह्यांतून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून उचलायची, चोवीस जणांना रिंगणात सोडायचं, एकच परत येणार. 2025 साली आलेल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'मध्ये पन्नासावे खेळ आहेत, म्हणून दुप्पट मुलं, अठ्ठेचाळीस. चिठ्ठ्यांच्या दिवशीच हेमिचचा सोळावा वाढदिवस. जुन्या पुस्तकांत हाच हेमिच दारू पिऊन लोळणारा प्रौढ होता, म्हणजे हा वाचणार हे पहिल्या पानापासून ठाऊक. तरी हात सुटत नाही. कीर्तनाला बसलेल्यांनाही शेवट ठाऊक असतोच, कुणी उठून जातं का? तो दारू का पितो हे कळायला इतकी वर्षं थांबलेल्या वाचकांना बाईंनी फसवलेलं नाही.

हॉली जॅक्सन यांचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (2019) हेही मजेदार. पिप नावाची मुलगी गावातल्या जुन्या खुनाचा तपास शाळेचा प्रकल्प म्हणून घेते. नोंदी, मुलाखती, संशयितांची यादी, सगळं वहीत व्यवस्थित. इथे आईवडील घरात आहेत, तरी गोष्ट चालते, हे विशेष. फक्त मराठीत हे जमणार नाही. आपल्याकडे प्रकल्प आई करते. त्यामुळे खुनी आईलाच सापडला असता आणि तोही रात्री साडेअकरा वाजता, कार्डशीट आणायला दुकान बंद असताना.

आता वाचनालयाची कथा. ग्राफिक नॉव्हेलं आमच्या वाचनालयात 'बालविभाग' असा फलक लावलेल्या कपाटात ठेवतात. मी मलिक सजाद यांचं 'मुन्नू' (2015) तिथून उचललं. काश्मिरात बंदुकांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाची ही गोष्ट, आणि सगळे काश्मिरी हंगुल हरणं म्हणून काढलेले. शेजारी आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस'. त्यात ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं, आणि लेखकाच्या वडिलांनी ऑशविट्झमध्ये काय पाहिलं ते. 1992 साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालेला. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का मारता मारता विचारलं,

"केवढा आहे नातू?"

"मलाच हवंय."

"तुम्हाला?" त्यांनी पान उलटून पाहिलं. "पण हरणं आहेत."

"आणि हे?"

"उंदीर."

एवढ्यावर विषय संपला. हरणं आणि उंदीर असतील तर बालविभाग, हा नियम प्राण्यांकडे बघून केलेला आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. पंचतंत्राचं कपाट तिथेच आहे. उलट टोकाची गंमत अमेरिकेत झाली. जानेवारी 2022 मध्ये टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळामंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून 'माउस' काढून टाकलं, शिव्या आणि नग्नता आहे म्हणून. छळछावणीबद्दल आक्षेप नव्हता, शिव्यांबद्दल होता. बातमी पसरताच तीस वर्षं जुनं पुस्तक पुन्हा खपाच्या यादीत वर गेलं. एकीकडे लहानांसाठी फार मोठं, दुसरीकडे मोठ्यांसाठी फार लहान, पुस्तक तेच.

माझे मेहुणे, म्हणजे भाचीचे वडील, पुस्तकाकडे हिशेबाने बघतात. "सहाशे रुपये आणि वाचून झालं एका तासात! तासाला सहाशे पडले." हाच माणूस मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचा भाव विचारत नाही. त्यांना मी एमिल फेरिस यांचं 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' (2017) दाखवलं. शिकागोतली दहा वर्षांची मुलगी स्वतःला लांडगा-मानव समजते आणि शेजारणीच्या मृत्यूचा छडा लावते. सगळी चित्रं बॉलपेनने, रेघा ओढलेल्या वहीवर काढल्यासारखी. एकेका चेहऱ्यावर हजारो बारीक रेघा. दुसरा भाग यायला 2024 उजाडलं. मेहुण्यांनी जाडजूड पुस्तक हातात तोललं, मधलं पान उघडलं आणि म्हणाले, "एवढे पैसे घेऊन वही वापरलेली देतात?"

त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलं आणि त्यांना केट बीटन यांचं 'डक्स' (2022) दिलं, कारण त्यात शैक्षणिक कर्ज आहे. कॅनडाच्या केप ब्रेटनमधली मुलगी, डिग्री घेतलेली, कर्ज डोक्यावर. ते फेडायला ती 2005 मध्ये हजारो किलोमीटर दूर अल्बर्टाच्या तेलखाणींत हत्यारं वाटण्याच्या कामावर जाते. चारशेवर करडी पानं. घरांएवढे ट्रक, बर्फ, कामगारांची छावणी, आणि शेकडो पुरुषांत बोटांवर मोजता येतील एवढ्या बायका. तिथे तिच्या वाट्याला जे येतं ते ती आवाज न चढवता सांगते. आणि मग तो प्रश्न येतो: माझ्या घरचे पुरुष इथे असते, तर तेही असेच झाले असते का? मी अलीकडे वाचलेल्या चित्रांच्या आणि अक्षरांच्या सगळ्या पुस्तकांत हे पहिलं. मेहुण्यांनी ते दोन दिवस घेतलं आणि परत देताना कर्ज दोन वर्षांत कसं फेडलं एवढंच बोलले. पण तासाचा भाव काढला नाही.

आता मुद्द्याचं बोलते. हे सगळं मी इंग्रजीत वाचलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. कारण चित्रं काढणारे हात आपल्याकडे कमी नव्हते. अमर चित्र कथा 1967 साली अनंत पै यांनी सुरू केली, तिची किती तरी पानं राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांनी काढली. 'टिंकल'मधला सुप्पंडी पहिल्यांदा कागदावर आला तो वाईरकरांच्याच हातून. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 1991 पासून रोज सकाळी चहाबरोबर यायला लागला. चार चौकटींत आई, पप्पा, पप्पू, मिनी आणि एक वाक्य. मध्ययुगीन योद्धा त्यात नव्हता आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही. पण चार चौकटींच्या पुढे आपण सरकलो नाही.

'भीमायन' (2011) बघा. महाडचं तळं आपलं, बाबासाहेब आपले, पुस्तक मूळ इंग्रजीत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ते काढलंय. 'माणसांना चौकटीत कोंडायचं नाही' म्हणून त्यात चौकटीच नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि जातीवरून टोचणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीसकट. तो विंचू बघितल्यावर संवादाला वेगळं विशेषण लागत नाही. ज्या भाषेत ते शब्द प्रत्यक्ष बोलले गेले, त्या भाषेत हे आधी का सुचलं नसेल?

तेव्हा मराठी प्रकाशकांना आणि चित्रकारांना एक विनंती. ड्रॅगन नको, शापित राजकन्या नको. ते सामान भाचीकडे भरपूर आहे. दीडशे पानांचं, चित्रांचं, दहावीतल्या मुलीचं एक पुस्तक काढा. घरातला टीव्ही वर्षभर बंद, क्लासच्या जिन्यात चपलांचा ढीग, पेपरच्या सकाळी दुखणारं पोट आणि हातावर दही घेऊन उभी असलेली आई. आईला जिवंत ठेवा, शुद्धीवर ठेवा. तिरसट काका लागले तर मागवून घ्या. वाचनालयाने बालविभागात लावलं तरी हरकत नाही, मला ते कपाट माहीत आहे. आणि किंमत खुशाल सहाशे ठेवा, मेहुण्यांचं मी बघते.